लॅपटॉपची ग्राफिक्स चिप सदोष निघाली तर वॉरंटीतून काम कसं करून घ्यायचं

माझी भाची सांगलीत विश्रामबागला राहून इंजिनिअरिंग शिकते. २०२३ च्या मे महिन्यात, भर दुपारी तिचा फोन आला, "मामा, परत रेघा आल्यात स्क्रीनवर." जाऊन बघितलं तर स्क्रीनभर बारीक आडव्या रेघा, मध्येमध्ये हिरवे-गुलाबी चौकोन, आणि माउस हलवला की चित्र मागे ओढल्यासारखं दिसत होतं. लॅपटॉप बंद केला, पंख्याखाली अर्धा तास ठेवला, परत चालू केला. स्वच्छ! दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलो. तिथे एसीत तो तासभर सुरळीत चालला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, काहीच प्रॉब्लेम नाहीये." आम्ही लॅपटॉप बॅगेत टाकून परत आलो. हातात कागद एकही नाही.

वॉरंटी ८ जूनला संपली. १९ जूनला स्क्रीन काळी पडली, ती परत उजळलीच नाही.

त्यातून आम्ही कसे बाहेर पडलो ते पुढे सांगतोच. पण त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच जणांना अशाच कामात मदत केली आणि एक गोष्ट पक्की कळली. ग्राफिक्स चिपचा, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या चिपचा, दोष येतो-जातो, आणि वॉरंटी तर तारखेवर चालते. म्हणून पहिल्यांदा रेघ दिसेल त्याच दिवशी तक्रार लेखी नोंदवायची. दोष पक्का व्हायची वाट बघायची नाही.

दोष असा लहरी का असतो

चिपचा सिलिकॉनचा तुकडा एका छोट्या हिरव्या पट्टीवर पालथा बसवलेला असतो. दोघांच्या मध्ये सोल्डरचे अतिसूक्ष्म मणी असतात आणि त्यांच्या भोवती भरलेलं राळेसारखं द्रव्य असतं. चिप तापली की प्रसरण पावते, निवली की आकुंचन पावते, पण सिलिकॉन आणि खालची पट्टी सारख्या प्रमाणात नाही. उन्हात तापलेला पत्रा संध्याकाळी निवताना टकटक वाजतो, तीच ओढाताण इथे दिवसातून दहादा होते. साहित्य चांगलं असेल तर ते ही ओढाताण वर्षानुवर्षं सोसतं. कमकुवत असेल तर मण्यांना बारीक तडे जातात. तडा गेलेला मणी कधी टेकतो, कधी सुटतो. म्हणून दुपारी रेघा, सकाळी काही नाही.

या दोषाचा सर्वांत गाजलेला प्रकार २००८ सालचा. त्या जुलैमध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलं की आपल्या काही जुन्या पिढीतल्या लॅपटॉप चिपांमध्ये चिप आणि पॅकेजिंगचं साहित्य कमकुवत निघालं आहे, आणि वॉरंटीच्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. डेल आणि एचपी यांनी ठरावीक मॉडेलांची वॉरंटी वाढवली. तापमानाचे चढउतार कमी व्हावेत म्हणून पंखा जास्त वेळ फिरवणारे बायोसचे (लॅपटॉप चालू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचे) अपडेटही काढले. ॲपलने एनव्हिडियाची ८६०० एम जीटी चिप असलेल्या मॅकबुक प्रोची दुरुस्ती मुदतीनंतरही मोफत केली, आणि ज्यांनी आधी पैसे भरून दुरुस्ती करून घेतली होती त्यांना पैसे परत दिले. २०१५ मध्ये, मुख्यतः २०११ च्या मॅकबुक प्रोंसाठी, ॲपलला असाच कार्यक्रम पुन्हा काढावा लागला.

हा इतिहास सांगायचं कारण असं की अशी वाढीव मुदत सरसकट मिळत नाही. मॉडेल, सिरीयल नंबर आणि ठरावीक लक्षणं जुळली तरच मिळते. आणि पैसे परत मिळवायचे तर आधीच्या दुरुस्तीचं बिल लागतं.

आधी घरी करायच्या तपासण्या

रेघा दिसल्या म्हणजे चिपच गेली असं नाही. स्क्रीनचा पॅनल, बिजागरीतून जाणारी केबल, बिघडलेला ड्रायव्हर (विंडोजकडून ग्राफिक्स चिप चालवून घेणारा प्रोग्रॅम), कुठलंही कारण असू शकतं. सेंटरला नेमका दोष सांगायचा असेल तर एवढं बघून घ्या.

लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. रेघा लॅपटॉपवर आहेत पण टीव्हीवर नाहीत, तर संशय पॅनल किंवा केबलवर जातो. स्क्रीन मागेपुढे हलवल्यावर रेघा बदलत असतील तर बहुधा केबलच. दोन्हीकडे सारख्याच रेघा असतील तर ग्राफिक्सवर बोट ठेवता येतं. एक अडचण लक्षात असू द्या: दोन ग्राफिक्स (प्रोसेसरमधलं लहान आणि स्वतंत्र मोठी चिप) असलेल्या काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं पोर्ट वेगळ्या चिपला जोडलेलं असतं. त्यामुळे ही चाचणी दिशा दाखवते, निकाल देत नाही.

मग लॅपटॉप चालू करताना बायोसमध्ये जा. बहुतेकांत एफ२, एफ१० किंवा डिलीट. तिथेही रेघा असतील तर विंडोज आणि ड्रायव्हर दोघंही सुटले, कारण ते अजून सुरूच झालेले नसतात. उलट मात्र खरं धरू नका. बायोस स्वच्छ दिसला म्हणून मोठी चिप निर्दोष ठरत नाही, कारण बायोसचं चित्र बरेचदा प्रोसेसरमधलं लहान ग्राफिक्सच काढतं.

ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या आणि नव्याने टाका. सेंटरचा पहिला प्रश्न हाच असतो, त्याचं उत्तर तयार असलं की एक फेरी वाचते.

आता विंडोजमधल्या खुणा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडाप्टरवर पिवळी खूण आणि 'कोड ४३' दिसला तर फोटो काढा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडून परत उठला. निळ्या स्क्रीनवर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' आलं तर तोही फोटो. सगळ्यांत कामाचं म्हणजे रिलायबिलिटी मॉनिटर. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' शोधा, 'रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. कोणत्या तारखेला काय कोसळलं त्याचा तक्ताच समोर येतो. त्यात लाइव्ह कर्नल इव्हेंट १४१ किंवा ११७ वारंवार दिसत असेल तर ग्राफिक्स प्रतिसाद देत नाही याची तारीखवार साक्ष तुमच्याकडे आहे.

या नोंदी खराब ड्रायव्हरनेही येतात. म्हणून नवा ड्रायव्हर टाकल्यानंतर आलेल्या नोंदींना वजन जास्त.

शेवटी कंपनीची स्वतःची हार्डवेअर चाचणी. डेलमध्ये एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडता येतं, एचपीत बहुधा एफ२, लेनोव्होत एफ१०. चाचणीत एरर कोड आला तर त्याच्याइतका भक्कम पुरावा नाही, कारण तो कंपनीच्याच प्रोग्रॅमने दिलेला असतो.

हळदीची धूळ

हे फक्त आपल्याकडचं आहे, पण सांगायलाच हवं. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातला लॅपटॉप बघायला बोलावलं होतं. तासाभरात तापून बंद पडत होता. मागच्या जाळीतून टॉर्च मारला तर आत पिवळा थर दिसला. पंख्यासमोरच्या बारीक पट्ट्यांमध्ये हळदीची पूड आणि कापसाची तूस मिळून नमद्यासारखा गोळा झाला होता. हवा जायला वाटच नव्हती. हा चिपचा दोष नाही. सेंटरमध्ये कंपनीने असा लॅपटॉप उघडला तर 'धुळीमुळे जास्त तापला' असं लिहून मोकळी होईल, आणि ते चूकही म्हणता येणार नाही.

म्हणून तक्रारीआधी लॅपटॉप बंद करून बाहेरून जाळी साफ करा. मऊ ब्रश पुरतो. लॅपटॉप मात्र उघडू नका. वॉरंटीत असेल तर आतली सफाई सेंटरकडूनच करून घ्या आणि तसं जॉबशीटवर, म्हणजे सेंटर देतं त्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहायला सांगा. त्यानंतरही रेघा आल्या तर धुळीचं कारण पुढे करता येत नाही.

'चिप हीट करून देतो' याला हो म्हणू नका

गल्लीतला दुकानदार वाईट नसतो. त्याला गिऱ्हाईकाचं काम लगेच करून द्यायचं असतं, म्हणून तो म्हणतो, "ग्राफिक उडालंय, चिप हीट करून देतो, हजारभरात काम होईल." गरम हवेने चिप तापवली की तडकलेले मणी थोडे टेकतात आणि स्क्रीन उजळते. आठवडा जातो, कधी महिना जातो, रेघा परत येतात. चिप उचलून खालचे मणी नवे बसवतात त्याला रिबॉलिंग म्हणतात. पण तडे जर चिपच्या आतल्या मण्यांना गेलेले असतील तर बाहेरचे मणी बदलून मूळ दुखणं तसंच राहतं.

आणि वॉरंटीचं नुकसान तर कायमचं. बोर्डवर गरम हवेच्या खुणा, सोल्डर करताना लावतात त्या फ्लक्सचे डाग, तुटलेलं सील दिसलं की कंपनी हात वर करते. मुदत शिल्लक असताना, किंवा मुदत संपली तरी तक्रार चालू असताना, बाहेरच्या कोणालाही लॅपटॉप उघडू देऊ नका. युट्यूब बघून हेअर ड्रायरने तापवू नका. हे मी हात जोडून सांगतो, कारण अशा दोन चांगल्या केसेस माझ्यासमोर इथेच संपल्या.

पुरावा कसा जमवायचा

मोबाइलवर एकच सलग व्हिडिओ काढा. सुरुवातीला लॅपटॉपच्या तळाचा स्टिकर दाखवा, सिरीयल नंबर किंवा सर्व्हिस टॅग वाचता यायला हवा. मग लॅपटॉप सरळ करून स्क्रीनवरच्या रेघा दाखवा आणि तारीख-वेळ तोंडाने सांगा. सलग यासाठी की हा दुसऱ्याच लॅपटॉपचा व्हिडिओ आहे, असं म्हणायला जागा राहू नये.

एका कागदावर तारखा मांडा. कधी दोष आला, तेव्हा काय चालू होतं, किती मिनिटांनी आला, कशाने गेला. "ऑटोकॅड उघडल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी" हे वाक्य इंजिनिअरच्या उपयोगाचं आहे. "कधीकधी येतं" हे नाही.

बिलाचा फोटो आजच काढा. दुकानातून मिळालेली चकचकीत कागदावरची थर्मल पावती वर्षभरात पुसट होते, कपाटात ठेवली तरी. दुकानदाराकडून जीएसटी बिलाची ईमेल प्रत मागून घ्या.

मुदत तपासा

कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकला की वॉरंटीची शेवटची तारीख दिसते. ती बिलाच्या तारखेशी जुळते का बघा. लॅपटॉप दुकानात काही महिने पडून असेल तर कधीकधी साइटवरची मुदत विक्रीआधीच सुरू झालेली दिसते. बिल पाठवून ती दुरुस्त करून मागता येते, पण हे काम दोष यायच्या आधी केलेलं बरं.

सेवा ऑनसाइट आहे की कॅरी-इन हेही तिथेच कळतं. ऑनसाइट असेल तर इंजिनिअर घरी येतो. दोष त्याच्यासमोर दिसायची शक्यताही जास्त, कारण लॅपटॉप तुमच्याच खोलीत, तुमच्याच उकाड्यात चालू असतो. दुपारची वेळ मागून घ्या. कॅरी-इन असेल आणि तुमच्या कंपनीचं सेंटर सांगलीत नसेल तर कोल्हापूर किंवा पुण्याची फेरी धरून चला.

तक्रार नोंदवणं

टोल-फ्री नंबरवर फोन करा, केस नंबर घ्या आणि त्याच दिवशी ईमेल करा. फोनचं रेकॉर्डिंग कंपनीकडे राहतं, ईमेल तुमच्याकडे राहतो. ईमेल साधा असावा. साधारण असा:

"माझा लॅपटॉप (मॉडेल, सिरीयल नंबर) मी अमुक तारखेला घेतला, बिल जोडलं आहे. अमुक तारखेपासून ग्राफिक्सवर भार आला की स्क्रीनवर आडव्या रेघा येतात आणि डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडतो. बाहेरच्या स्क्रीनवरही तेच दिसतं. ड्रायव्हर नव्याने टाकूनही दोष गेला नाही. व्हिडिओ आणि नोंदींचे फोटो जोडले आहेत. हा दोष वॉरंटीच्या मुदतीत कळवत असून मोफत दुरुस्ती करून द्यावी. केस नंबर अमुक."

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. मुदतीत कळवलेला आणि न सुटलेला दोष पुढे मुदत संपली म्हणून झटकता येत नाही, हा मुद्दा त्या एका वाक्यावर उभा असतो.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर

जायच्या आधी डेटा दुसरीकडे घ्या. डेटाची जबाबदारी कुठलंच सेंटर घेत नाही. आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डेटाला बिटलॉकर या विंडोजच्या सोयीचं कुलूप आपोआप लागलेलं असतं. मदरबोर्ड बदलला की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते, आधीच कागदावर उतरवून ठेवा. नाहीतर दुरुस्त लॅपटॉप हातात, पण आतलं प्रोजेक्ट बंद, अशी वेळ येते.

काउंटरवर देण्याआधी लॅपटॉपचे सहाही बाजूंनी फोटो काढा. कोपरे, बिजागरी, पोर्ट. ओरखडा असेल तर तो आहे तसा जॉबशीटवर लिहू द्या. नंतर 'कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज', म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान, असा शेरा आला तर हे फोटो आणि ती नोंद तुमच्या बाजूने बोलतात.

जॉबशीटवर काय लिहिलं जातं ते नीट वाचा. 'डिस्प्ले प्रॉब्लेम' एवढंच लिहिलं तर पॅनल बदलून परत पाठवतील. 'भार आल्यावर ग्राफिक्स बिघडतं, बाहेरच्या स्क्रीनवरही' असं लिहायला सांगा. दोष कसा आणायचा तेही लिहून द्या.

'काही दोष आढळला नाही' म्हणाले तर तेच जॉबशीटवर तारीख-शिक्क्यासह लिहून घ्या. लोकांना वाटतं हा कागद आपल्या विरोधात जाईल. तसं नाही. मुदतीत तुम्ही ही तक्रार घेऊन आला होतात, हे तो कागद सिद्ध करतो. कोल्हापुरातून आम्ही तोच न घेता परत आलो होतो.

पाणी गेलंय असं म्हणाले तर खुणेचा फोटो आणि नकाराचं कारण लेखी मागा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांनी लॅपटॉप ओला झाला असेल तर लपवू नये. गंज दिसतोच, आणि तिथे वॉरंटी लागू होत नाही. अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तर त्यातून मागा.

बोर्ड बदलून मिळाला तर

ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच बसवलेली असते, म्हणून बहुतेक वेळा पूर्ण बोर्ड बदलतात. तो नवाकोराच असेल असं नाही. दुरुस्त करून तपासलेला बोर्ड द्यायची मुभा अनेक कंपन्यांच्या अटींमध्ये असते. घरी यायच्या आधी तिथेच तीन गोष्टी बघा. बायोसमध्ये तुमचा जुना सिरीयल नंबर भरला आहे ना, कारण तो रिकामा राहिला तर पुढच्या वेळी वॉरंटी शोधताना घोळ होतो. विंडोज ॲक्टिव्हेट आहे ना. आणि नव्या पार्टची वॉरंटी किती दिवस, ते कागदावर आहे ना.

मग पहिला आठवडा लॅपटॉपला खरं काम द्या, दुपारच्या उकाड्यात. त्याच डिझाइनची चिप परत बसली असेल तर तोच दोष परत येऊ शकतो. आला तर नवी केस उघडताना जुना केस नंबर लिहा. एकच दोष दोन-तीनदा परतला तर लॅपटॉप बदलून मागायला तुमची बाजू भक्कम होते.

मुदत संपल्यावर

आता भाचीची गोष्ट. बोर्डचा खर्च लॅपटॉपच्या निम्म्याहून जास्त सांगितला होता. तिच्या वडिलांनी नवीन घ्यायची तयारीही केली होती. मग तिने मोबाइल चाळला आणि मे महिन्यातला एसएमएस सापडला. टोल-फ्रीवर पहिला फोन केला तेव्हा आलेला, केस नंबरसकट. तारीख वॉरंटीतली. तो नंबर, मे महिन्यातले व्हिडिओ आणि कोल्हापूरला गेल्याची तारीख घालून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. नकार आला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीचा फोन आला आणि बोर्ड मोफत बदलून मिळाला. एका एसएमएसवर हे काम झालं.

१९१५ वर मराठीत बोलता येतं, खर्च नाही. ही हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, तक्रार पोहोचवून समेट घडवते. तरी आधी इथेच जा. ऑनलाइन घेतला असेल तर विक्री करणाऱ्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.

मुदतीत काहीच नोंदवलेलं नसेल तरी दोन गोष्टी करा. तुमच्या मॉडेलसाठी वाढीव वॉरंटी किंवा मोफत दुरुस्तीचा कार्यक्रम आहे का, हे कंपनीला लेखी विचारा. आणि बिल भरून दुरुस्ती करायचीच असेल तर अधिकृत सेंटरमध्ये करा, बिलावर 'ग्राफिक्स चिपचा दोष, मदरबोर्ड बदलला' असं लिहून घ्या.

ग्राहक आयोग

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याने आपल्यासारख्या गावाकडच्या ग्राहकाची मोठी सोय केली. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कराडचा माणूस साताऱ्याच्या जिल्हा आयोगात, मिरजेचा सांगलीच्या. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही. वकील लागतोच असं नाही. दाव्याचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करायची. ऑनलाइन करायची तर ई-जागृती पोर्टलवर.

आधी कंपनी, विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर तिघांनाही रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवस द्या, पोच जपा. तक्रारीतही तिघांना घ्या, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

बिल वडिलांच्या नावावर आणि वापरणारी मुलगी असेल तरी अडत नाही. खरेदीदाराच्या संमतीने वापरणाराही कायद्याने ग्राहकच. दुकानाच्या जीएसटी नंबरवर घेतला असेल तर 'व्यावसायिक वापर' असा आक्षेप येऊ शकतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वापरत असाल तर तो आक्षेप टिकत नाही, पण तसं तक्रारीत स्पष्ट लिहावं लागतं.

कंपनीचा वकील म्हणणार, उत्पादनातलाच दोष आहे हे सिद्ध करा. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची तरतूद कलम ३८ मध्ये आहे, तसा अर्ज द्या. म्हणूनच निकाल लागेपर्यंत तो बोर्ड आहे तसा राहायला हवा. लॅपटॉप कोणाला दाखवू नका, सुट्या भागांसाठी विकू नका. बॅटरी अर्धी चार्ज असताना बंद करा, कोरड्या जागी मूळ खोक्यात ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी बॅटरी फुगली नाही ना एवढं बघत जा.